पडद्यावरचा काळा पट्टा

आपल्या मंडळाच्या जुन्या व्हिडिओफिती संगणकात उतरवून घेण्याचे काम काही उत्साही सभासदांनी हाती घेतले आणि त्यांतील एक फीत कोजागरीच्या स्नेहमेळाव्यात दाखविण्यात आली. फीत १९९८ सालची. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्या वर्षी नवे सोनोग्राफी यंत्र घेतले होते व त्याच्या उद्घाटनाचे हे चित्रण होते. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि मग कॅमेरा यंत्राच्या पडद्याकडे वळला. पडद्यावर चित्र होते, परंतु ते सारखे फडफडत होते. एक लख्ख पट्टा वरून खाली धावत होता आणि मधूनच सारा पडदा लकलकत होता. तेव्हा मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, "अहो डॉक्टर, तेव्हा तुम्ही असल्या बिघडलेल्या मशीनवर आम्हाला तपासत होता की काय?"

सभागृहात हशा पिकला. ज्येष्ठांनी कळवळून सांगितले, की यंत्र अगदी कोरे होते आणि प्रत्यक्षात चित्र आरशासारखे स्वच्छ दिसत असे. ते खरेच होते. मी स्वतः ते पाहिलेले आहे. मग कॅमेऱ्याला ते तसे का दिसले नाही? कोणी म्हणाले कॅमेरा जुना होता, कोणी म्हणाले विजेचा दाब कमी-जास्त होत असावा. दोन्ही कारणे चुकीची. संपादकांनी या प्रश्नावर लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात घातले आणि मीही ते आनंदाने स्वीकारले. त्याला एक खाजगी कारण आहे. ते पुढे ओघात येईलच.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या काळच्या पिक्चर ट्यूबवर संपूर्ण चित्र एका वेळी कधीच नसे. ट्यूबच्या मागील टोकाकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील फॉस्फरच्या लेपावर डावीकडून उजवीकडे एक ओळ काढीत असे, मग तिच्या खालची, मग त्याखालची. आपण पाटीवर अक्षरे गिरवतो तसा हा प्रकार. झोत जेथे पडे तेथे लेप उजळे आणि बहुतांशी एक-दोन मिलिसेकंदांत पुन्हा विझे. झोत तळाशी पोहोचेपर्यंत माथ्यावरच्या ओळी केव्हाच काळ्या पडलेल्या असत. म्हणजे कोणत्याही एका क्षणी पडद्याचा फार थोडा भाग उजळलेला असे; उरलेला सारा पडदा अंधारात! आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या पद्धतीत ६२५ ओळी ठरविलेल्या होत्या. आधी विषम क्रमांकाच्या, मग सम क्रमांकाच्या, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रे काढली जात. संगणकाचे व त्या जातीचे पडदे सेकंदाला ६० वा त्याहून अधिक वेळा संपूर्ण चित्र रेखाटीत.

आपल्याला मात्र अखंड चित्र दिसे, कारण आपले दृष्टिपटल व त्यामागील मज्जासंस्था मंद आहे. प्रकाशाचे ठोके एका मर्यादेपेक्षा जलद येऊ लागले की ते सुटे जाणवत नाहीत. त्यांचा सरासरी उजेड तेवढा जाणवतो. ही मर्यादा साधारणपणे सेकंदाला ५० ते ६० ठोक्यांच्या आसपास असते. उजेड वाढला की ती वाढते, आणि दृष्टिक्षेत्राच्या कडेला ती अधिक असते. जुन्या मॉनिटरकडे सरळ पाहताना जी फडफड दिसत नसे, ती शेजारच्या टेबलाकडे पाहताना डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. ही मर्यादा निदानासाठीही वापरली जाते. यकृताच्या दीर्घ आजारात मेंदूवर होणारा सूक्ष्म परिणाम हुडकण्यासाठी रुग्णाला लुकलुकणारा प्रकाश दाखवितात व त्याला लुकलुक कोणत्या गतीला जाणवू लागते ते मोजतात. ३९ हर्ट्झच्या खालचे उत्तर संशयास्पद मानले जाते.

आमच्या पिढीतील डॉक्टरांना अतिदक्षता विभागातले जुने ईसीजी मॉनिटर आठवत असतील. हिरवा ठिपका उड्या मारीत जाई आणि त्याच्या मागे धूमकेतूसारखी विझत जाणारी शेपटी राही. तेथे मुद्दाम सावकाश विझणारा लेप वापरलेला असे. कारण हृदयाचा ठोका सेकंदाला एखादाच, आणि तेवढा वेळ रेघ डोळ्यांसमोर टिकवून धरणे डोळ्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

आता कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेरा डोळ्यासारखा सलग पाहत नाही. तो उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. आपल्याकडील व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला ५० वेळा उघडे आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक वेळी सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंद प्रकाश घेई. त्या सोनोग्राफीच्या पडद्यावर चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जात होते असे धरले, तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे कॅमेऱ्याच्या एका उघडझापीत झोताने एक संपूर्ण चित्र काढले आणि शिवाय ३.३ मिलिसेकंद, म्हणजे पडद्याचा एक पंचमांश भाग, दुसऱ्यांदा गिरवला. दोनदा गिरवलेला तो पंचमांश दुप्पट उजळ दिसणारच. हाच तो लख्ख पट्टा. पुढच्या खेपेस कॅमेरा उघडतो तेव्हा झोत एक पंचमांश पुढे गेलेला असतो, म्हणून पट्टाही तेवढा खाली सरकलेला दिसतो. पाच खेपांत तो पडदा पार करतो आणि पुन्हा माथ्यावर येतो. सेकंदाला दहा फेऱ्या. ६० उणे ५० बरोबर १०, इतका सरळ हिशेब. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित विसंवादी लागल्या की जी लहर ऐकू येते, तीच ही लहर. कानाऐवजी डोळ्यांना भेटलेली.

कॅमेऱ्याचा उघडा राहण्याचा काळ कमी केला, तर लख्ख पट्ट्याची जागा काळा पट्टा घेतो, कारण आता झोताला संपूर्ण चित्र काढण्याइतकाही वेळ मिळत नाही. दहा मिलिसेकंदांत साठ टक्के पडदा उजळतो, चाळीस टक्के काळा राहतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात छायाचित्र काढले तर जेमतेम आठवा भाग उजळलेला सापडेल. याउलट पडदा व कॅमेरा दोघेही पन्नासचेच असतील तर पट्टा उमटत नाही, आणि उमटलाच तर जागच्या जागी उभा राहतो किंवा गोगलगायीच्या गतीने सरकतो. व्यावसायिक चित्रण करणारी मंडळी याचाच उपयोग करीत. त्यांच्या कॅमेऱ्यांत उघडझापीचा काळ अगदी बारीक फरकाने जुळवून घेण्याची सोय असे. पट्टा नाहीसा होईपर्यंत ती कळ फिरवायची आणि मगच चित्रण सुरू करायचे. आमच्या १९९८ सालच्या चित्रकाराला हे ठाऊक नव्हते, कारण त्याचा सारा सराव लग्नसमारंभांचा होता. त्यात त्याचा दोष काहीच नाही.

जाता जाता एक वैद्यकीय सावधगिरी. सेकंदाला दहा वेळा लकलकणारे चित्र निरुपद्रवी असतेच असे नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या मुलांच्या मालिकेतील एका प्रसंगात लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकला आणि ६८५ जणांना, त्यांत बहुसंख्य मुलेच, रुग्णालयांत न्यावे लागले. काहींना प्रत्यक्ष झटके आले होते. प्रकाशसंवेदी अपस्माराच्या रुग्णांना सेकंदाला १५ ते २५ चमका सर्वांत घातक ठरतात, पण त्याच्या अलीकडचे-पलीकडचे आकडेही सुरक्षित नाहीत. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या नियमांत सेकंदाला तीनहून अधिक चमका टाळाव्यात असे बंधन आहे. पुढच्या मेळाव्यात ती फीत दाखवायची झाल्यास तेवढा भाग गाळावा, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे.

या साऱ्या विषयाच्या मुळाशी एक डॉक्टरच आहे, हे वाचकांना आवडेल. पीटर मार्क रॉजे हा एडिंबराचा पदवीधर वैद्य. इंग्रजी समानार्थी शब्दांच्या ज्या कोशाने त्याचे नाव घरोघरी नेले तो १८५२ सालचा. पण त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १८२४ मध्ये, त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. उभ्या पट्ट्यांच्या कुंपणाआडून जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे आरे सरळ न दिसता वाकलेले दिसतात, आणि चाक पुढे धावत असूनही आरे जागच्या जागी थबकल्यासारखे वाटतात, हे त्याने पाहिले होते. त्याने कारण शोधले ते असे : फटीतून एका क्षणी चाकाचा एक अरुंद काप तेवढा दिसतो. दुसरा काप दिसेपर्यंत चाक थोडे फिरलेले असते. निरनिराळ्या क्षणांचे हे काप डोळ्यात एकत्र येतात आणि कधीच अस्तित्वात नसलेला वाकडा आरा तयार होतो.

आपल्या खिशातील मोबाइलचा कॅमेरा नेमके हेच करतो. त्यातील प्रकाशग्राही चकती सबंध चित्र एकदम टिपत नाही. एकेक ओळ क्रमाने वाचते, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काही मिलिसेकंद जातात. म्हणून मोबाइलने फिरत्या पंख्याचे चित्रण केले की पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात. रॉजेचे कुंपण आता कॅमेऱ्याच्या आत येऊन बसले आहे.

पिक्चर ट्यूब आता इतिहासजमा झाली. आजच्या सपाट पडद्यावर झोत नाही, आणि एकदा रंगलेला ठिपका पुढचे चित्र येईपर्यंत तसाच राहतो. मग पट्टे संपायला हवे होते. ते संपले नाहीत, याचे कारण पडद्यामागचा दिवा. अनेक पडद्यांत उजेड कमी करायचा म्हणजे दिवा मंद करीत नाहीत. तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात आणि बंद राहण्याचा काळ वाढवितात. डोळ्याला सरासरी उजेड तेवढा दिसतो. ओळीओळीने वाचणाऱ्या कॅमेऱ्याच्या काही ओळी मात्र दिवा लागलेला असताना वाचल्या जातात, काही विझलेला असताना. आणि चित्रावर वहीतल्या रेघांसारखे आडवे पट्टे उमटतात. उजेड पूर्ण वाढविला की बहुधा हे पट्टे नाहीसे होतात, कारण मग दिवा विझतच नाही. साध्या चोकच्या ट्यूबलाइटचेही तसेच. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा. जुन्या व्ह्यू बॉक्सवर लावलेल्या एक्स-रे फिल्मचे चित्रण करताना कॅमेऱ्याचा काळ पन्नासावा किंवा शंभरावा भाग असला तर प्रत्येक ओळीला पूर्ण ठोके मिळतात आणि पट्टे येत नाहीत. साठावा भाग असला तर येतात.

ज्याला आपण कॅमेऱ्याचा दोष म्हणतो, त्याच्या आधारे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ रोज काम करतात. पुरुषाच्या स्वरतंतूंची स्पंदने सेकंदाला शंभर-सव्वाशे, स्त्रीची दोनशेच्या आसपास. डोळ्याला ती दिसणे अशक्य. परंतु तंतू २०० वेळा हलत असताना प्रकाशाची चमक १९८ वेळा दिली, तर ते सेकंदाला दोनदाच, संथपणे उघडमीट करताना दिसतात. म्युनिकच्या एर्टेल यांनी १८७८ मध्ये स्वरयंत्र तपासणीसाठी ही युक्ती वापरली. आजची उपकरणे रुग्णाच्या स्वराची पट्टी आपणच ओळखून चमक जुळवितात. यातली मेख अशी, की दिसणारे एक संथ स्पंदन अनेक निरनिराळ्या स्पंदनांतील कापांचे बनलेले असते. आवाज फार घोगरा, अनियमित असेल तर काप जुळत नाहीत आणि चित्रावर विश्वास ठेवता येत नाही.

हृदयरोगतज्ज्ञांना तर हा पाहुणा डॉप्लरच्या पडद्यावर रोज भेटतो. स्पंद-डॉप्लरमध्ये यंत्र ध्वनीचा एक ठोका सोडते, प्रतिध्वनी परत येण्याची वाट पाहते, मग दुसरा सोडते. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. पंधरा सेंटिमीटर खोलीवरून जाऊन-येऊन सुमारे १९५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला फार तर पाच हजार शंभर ठोके. नियम असा, की ठोक्यांच्या निम्म्याहून अधिक वारंवारता असे उपकरण खरी सांगू शकत नाही. अडीच मेगाहर्ट्झच्या प्रोबला ही मर्यादा सेकंदाला सुमारे ८० सेंटिमीटर वेगावर येते. महारोहिणीच्या झडपेचे मुख तीव्र प्रमाणात अरुंद झाले असता रक्ताचा वेग चार मीटरच्या वर जातो. ते रक्त मग यंत्राला उलट दिशेने धावताना दिसते, लालाचे निळे होते. चित्रपटात पुढे धावणाऱ्या टांग्याचे चाक मागे फिरताना दिसते तसेच. त्यावर उपाय म्हणून सतत-डॉप्लर वापरतात, कारण तेथे सोडणारा व ऐकणारा स्फटिक वेगळा असतो आणि ठोक्यांची मर्यादाच नसते. पण द्विदल झडपेतून किती रक्त मागे गळते हे मोजण्याच्या एका पद्धतीत, रंग ज्या जागी उलटतो त्या अर्धगोलाची त्रिज्याच मोजतात. फसवणूक नेमक्या किती वेगाला सुरू होते हे ठाऊक असेल, तर फसवणूकही मोजपट्टी होते.

आता ते खाजगी कारण. पट्टे निदान ओरडून सांगतात की आम्ही उपरे आहोत. जाळी तसे सांगत नाही. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की त्यांत मोठमोठ्या लाटा दिसतात. त्या ना या पदरात असतात, ना त्या. पडदा म्हणजे ठिपक्यांची एक जाळी, आणि कॅमेऱ्याची चकती ही दुसरी. एकीच्या शंभर ओळी दुसरीच्या अठ्ठ्याण्णव ओळींवर पडल्या तर तेवढ्या रुंदीत दोन सावल्या उठतात. दूरचित्रवाणीवर येणाऱ्यांनी बारीक रेघांचा सदरा घालू नये असे सांगत, ते याच कारणाने. शिवाय मोबाइलवरून चित्र पाठविताना ते लहान केले जाते; म्हणजे तिसरी जाळी.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतून एका तरुण डॉक्टरमित्राने मला छातीचा एक एक्स-रे पाठविला. फिल्म नव्हे, संगणकाच्या पडद्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र. साठीच्या आसपासची शेतकरी बाई, तीन आठवड्यांचा खोकला. दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागांत मला बारीक जाळीदार छाया दिसली. मी तसे कळविले, आणि बेळगावला आणून सविस्तर तपासणी करावी असा सल्ला दिला. ऐन रोपलावणीचे दिवस. त्या मायलेकरांनी दोन गाड्या बदलून, भिजत, दुसऱ्या दिवशी माझे दार गाठले. मुलाने सोबत मूळ चित्राची सीडी आणली होती. ती मी माझ्या संगणकावर लावली. फुप्फुसे स्वच्छ होती. खात्रीसाठी पुन्हा एक्स-रे काढला; तोही स्वच्छ. मोबाइलवरचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तर तीच जाळी बरगड्यांवरून, हृदयाच्या सावलीवरून आणि फुप्फुसाबाहेर खांद्यापर्यंत सारख्याच वळणाने गेलेली होती. आदल्या रात्री मी फक्त फुप्फुस पाहिले होते.

मी बाईंना सांगितले, की चूक माझी आहे, तुम्हाला उगाच धावपळ झाली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "म्हंजे माझ्या छातीत जाळं न्हाई न्हवं? मग रागवायचं कशाला, डाक्टर?" त्यांचा खोकला पुढे साध्या उपचाराने गेला. गाडीभाडे आणि दोन दिवसांची लावणी मात्र गेली ती गेलीच. माझ्या मनात राहून गेले ते निराळेच : जाळी नसताना दिसली तर माणूस बेळगावची वारी करून घरी जातो, पण असलेली बारीक छाया असल्या लाटांखाली झाकली गेली असती, तर?

तेव्हापासून आम्हा दोघांत काही रिवाज ठरले. शक्य असेल तेथे यंत्रातून मूळ चित्रच काढून पाठवावे. पडद्याचे छायाचित्र हा नाइलाज समजावा. नाइलाज असेल तेव्हा खोलीतले दिवे मालवावेत, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा, कॅमेरा हातात न धरता कशावर तरी टेकवावा. आणि एकाऐवजी तीन छायाचित्रे घ्यावीत : एक जवळून, एक हातभर मागे सरून, एक कॅमेरा किंचित तिरका धरून. जे तिन्हींत एकाच जागी, एकाच आकाराचे दिसते ते रुग्णाचे. जे जागा बदलते, रुंदावते, वळते ते कॅमेऱ्याचे.

परवाच त्यांच्याकडून अशी तीन छायाचित्रे आली. दोन स्वच्छ होती. तिसऱ्यात डाव्या बाजूस सुरेख जाळी पसरली होती, आणि खाली त्यांनी एकच ओळ लिहिली होती : "सर, हे जाळं माझ्या फोनचं."